पप्पांची यादी, दादाची यादी

ताई,

मी सव्वीस वर्षांची आहे, नर्स म्हणून काम करते. घर ख्रिस्ती. पप्पा निवृत्त शिक्षक, मंडळीच्या कमिटीवर आहेत. मंडळीच्या वर्धापनदिनाला तरुणांच्या वतीने मी बोलायचं ठरलंय. विषय आहे ‘ख्रिस्ती श्रद्धा आणि आजचं जग’. पप्पांनी लगेच वळणदार अक्षरात यादी करून दिली: दवाखाने, विद्यापीठं, साक्षरता, विज्ञान, गुलामगिरीचा अंत, मानवी हक्क. शेवटी ठळक ओळ, ‘हे सर्व जगाला आपण दिले.’ माझा मोठा भाऊ काही वर्षांपूर्वी चर्चला यायचा बंद झाला. त्याने त्याच कागदाच्या मागे लाल पेनने दुसरी यादी लिहिली: धर्मयुद्धं, इन्क्विझिशन (पाखंड्यांवर खटले चालवणारी चर्चची न्यायालयं), गॅलिलिओ, गुलामांचा व्यापार, वसाहती, हिटलरच्या काळातली चर्चेस, मुलांवरचे अत्याचार दडपणारे बिशप. वर म्हणाला, ‘पप्पांचं वाचलंस तर अर्धसत्य बोलशील.’ तेव्हापासून दोघं एका टेबलावर जेवतात, पण मीठ हवं असलं तरी मला सांगतात. खरं कोणाचं, ताई? आणि एक सांगू का? दादाची यादी वाचल्यापासून उपासनेत माझं मन लागत नाही.

— मधल्यामधे

प्रिय मधल्यामधे,

कागदाच्या दोन्ही बाजूंवरचं बहुतेक सगळं खरं आहे. पप्पांची ती शेवटची ठळक ओळ तेवढी खोटी आहे, आणि दादाच्या यादीखाली न लिहिलेली पण सगळ्यांना ऐकू आलेली ओळ, ‘म्हणून या धर्मात काही अर्थ नाही’, तीही. तुझं भाषण या दोन ओळींमुळे अडलंय. नोंदी राहू देत.

एक साधा उपाय सुचवते. दोघांच्याही यादीत माणूस नाही. ‘धर्माने दिलं’, ‘धर्माने केलं’ असं सगळं मोघम. धर्म काही करत नाही गं, माणसं करतात. प्रत्येक नोंदीत माणूस आण. कोणी केलं, कधी केलं, आणि त्याला आडवं कोण आलं? या तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलंस की मजा कळेल. बहुतेक वेळा आडवं येणाराही बायबल हातात घेऊनच उभा असतो.

तू नर्स आहेस, तर दवाखान्यापासून सुरू करू. माझ्या मते पप्पांच्या यादीतली ही सगळ्यात भक्कम नोंद, आणि तिला साक्षीदार आहे तो चक्क विरोधक. रोमचा सम्राट जुलियन ख्रिस्ती वातावरणात वाढला, मग तो धर्म सोडून जुन्या देवांकडे परतला आणि ते देव पुन्हा बसवायला निघाला. ३६२ च्या सुमारास त्याने आपल्या एका मुख्य पुजाऱ्याला पत्र लिहिलं. त्यातली कुरकुर अशी: यहुद्यांत कोणाला भीक मागावी लागत नाही, हे नास्तिक गालीली (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपली माणसं मात्र आपल्याकडून काही मिळत नाही म्हणून उघडी पडतात. मग हुकूम काढतो की प्रत्येक शहरात परक्यांसाठी निवारे उभारा. शत्रूने जळफळत दिलेल्या दाखल्याहून चांगला दाखला कुठे मिळणार? त्यानंतर दहाएक वर्षांत आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरियाच्या बिशप बॅसिलने शहराबाहेर एक वसाहतच उभारली. आजारी, वाटसरू, कुष्ठरोगी अशा सगळ्यांसाठी तिथे जागा होती, वैद्य होते, शुश्रूषा करणारी माणसं होती. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये फॅबिओला नावाच्या श्रीमंत बाईने आपली मालमत्ता विकून रुग्णालय काढलं. तिच्याबद्दल त्या काळच्या जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने लिहून ठेवलंय की इतरांना बघवणार नाहीत अशा जखमा ती स्वतःच्या हाताने धुवायची. भाषणात ही बाई घे. तुझ्या तोंडी शोभेल.

पण ‘जगातला पहिला दवाखाना’ हे शब्द पप्पांच्या कागदावर असतील तर खोड. अशोकाने माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपचारांची सोय केल्याचं याच्या सहाशे वर्षं आधी दगडात कोरून ठेवलंय. पुढे बगदाद, दमास्कस, कैरोला मुस्लिम राज्यकर्त्यांनी उभारलेली रुग्णालयं पुष्कळ बाबतींत युरोपच्या पुढे होती. शिवाय जुलियनच्या पत्रातच यहुद्यांचं नाव आधी येतं. गरिबाला सांभाळायचा संस्कार मंडळीने तिथूनच उचललेला. पहिलेपणाचा हट्ट सोडला तरी नोंद पडत नाही. आपल्या नात्यातला नाही, गावचा नाही, देवाचा नाही, अशा माणसाच्या जखमेला हात लावायचा आणि तोही रोजच्या कामासारखा, हे त्या जगात उठून दिसलं. इतकं, की सम्राटाला नक्कल करावीशी वाटली.

आता गुलामगिरी. ही एकच नोंद अशी की दोघांच्याही यादीत आहे. मला वाटतं तुझं निम्मं भाषण इथेच असावं.

पप्पा विल्बरफोर्स या ब्रिटिश खासदाराचं नाव घेतील. घेऊ देत, खरंच आहे ते. लंडनमध्ये १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बारा जणांची समिती बसली, त्यातले नऊ क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाचे होते. विल्बरफोर्सने पार्लमेंटमध्ये वीस वर्षं तोच विषय लावून धरला आणि १८०७ मध्ये व्यापारबंदीचा कायदा झाला. ही माणसं श्रद्धेपोटीच उभी राहिली होती. इतर कारणं जोडता येतात, पण श्रद्धा काढून टाकली तर त्यांची चिकाटी समजतच नाही. दादाने हे मान्य करायला हवं.

पण आता कागद उलटा कर. बार्बाडोस बेटावर कॉड्रिंग्टन नावाचे उसाचे मळे होते. ते मालकाने १७१० साली मृत्युपत्राने इंग्लंडच्या चर्चच्या सुवार्ताप्रसार सोसायटीला दिले, गुलामांसकट. शुभवर्तमान पसरवण्यासाठी स्थापन झालेली संस्था गुलामांची मालक झाली. तिथल्या गुलामांच्या छातीवर काही काळ तापलेल्या लोखंडाने मालकाचं नाव डागलं जायचं. डागलेला शब्द होता ‘सोसायटी’. पुढे १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा सरकारने दोन कोटी पौंड भरपाई ठेवली. मालकांना. गुलामांना छदामही नाही. उलट सहा वर्षांवरच्या सगळ्यांना ‘शिकाऊ’ म्हणून आणखी काही वर्षं त्याच मालकांकडे राबवलं, ते १८३८ मध्ये सुटले. भरपाई घेणाऱ्यांच्या रांगेत ही सोसायटीही होती. आठ हजार आठशे पौंडांहून अधिक रक्कम तिच्या पदरात पडली. इंग्लंडच्या चर्चने या सगळ्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २००६ साली.

हे वाचून पप्पांना राग येईल. येऊ दे, कारण पुढची गोष्ट त्यांनी ऐकायलाच हवी. व्यापारबंदीचा कायदा झाला त्याच १८०७ मध्ये लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी खास निवडलेलं. निवडलेलं म्हणजे छाटलेलं. जुन्या कराराचा बहुतेक भाग गायब, नव्या करारातलाही निम्म्याच्या आसपास. मोशे फारोपुढे जाऊन ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ म्हणतो तो भाग काढलेला. गलतीकरांस पत्रातलं ‘दास नाही, स्वतंत्र नाही’ हे वचन काढलेलं. आणि इफिसकरांस पत्रातलं ‘दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा’ हे मात्र शिल्लक.

जरा थांबून विचार कर. ज्यांना गुलामांनी आज्ञेतच राहावं असं वाटत होतं, त्यांना पूर्ण बायबल गुलामाच्या हातात देण्याची भीती वाटली. बायबल फक्त मालकांच्या बाजूचं असतं तर कात्री कशाला लागली असती? हा प्रश्न दादाला विचार. आणि बायबल उघडउघड गुलामांच्याच बाजूचं असतं तर ‘आज्ञेत राहा’ असं वाचून दाखवायला शिल्लक काय राहिलं असतं? हा पप्पांना विचार. मी स्वतः या दोन प्रश्नांच्या मधोमध उभी आहे आणि तिथून हलायची मला घाई नाही.

आणि ते पूर्ण बायबल पोचलंच. जमैकातला सॅम शार्प हा गुलाम होता, बाप्टिस्ट मंडळीत डीकन (मंडळीचा सेवक) होता, त्याला वाचता येत होतं. १८३१ च्या नाताळानंतर मजुरी मिळाल्याशिवाय ऊस तोडायचा नाही, असं त्याने लोकांमध्ये ठरवून घेतलं होतं. ठरवला होता संप, झाला उठाव. मळे पेटले, तो चिरडला गेला, शेकडो गुलामांना देहदंड झाला. शार्पला १८३२ मध्ये फाशी दिलं. गोऱ्या मळेवाल्यांनी सूड म्हणून बाप्टिस्टांची प्रार्थनाघरं पाडली. गंमत अशी की बेटावर पाठवलेल्या मिशनऱ्यांना त्यांच्या इंग्लंडमधल्या वरिष्ठांची ताकीद होती, गुलामगिरीच्या विषयात पडू नका. त्यांनी गप्प राहायचा प्रयत्नही केला. पण कळपाने मेंढपाळाच्या आधी वाट धरली. या उठावाने लंडन हादरलं आणि पुढच्याच वर्षी रद्दीकरणाचा कायदा झाला. आज जमैका शार्पला राष्ट्रीय वीर मानतो.

म्हणून ‘गुलामगिरी आपण संपवली’ यातला ‘आपण’ कोण, हे भाषणात सांग. विल्बरफोर्सही आपला, शार्पही आपला, आणि ती डागणी हातात धरणारी सोसायटीही आपलीच. पहिल्या दोघांना घरात घेऊन तिसऱ्याला बाहेर उभं करता येणार नाही.

बाकीच्या नोंदी एवढ्या खोलात जायच्या नाहीत. पटापट घेऊ.

साक्षरता हा मुद्दा पप्पा एका शब्दात उरकतात, पण त्यात जीव आहे. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने १५२४ साली जर्मन शहरांच्या कारभाऱ्यांना जाहीर पत्र लिहून शाळा काढा म्हणून सुनावलं, मुलींसाठीसुद्धा. स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्च कायद्यानंतर पाळक घरोघरी फिरून वाचनाची आणि धर्मज्ञानाची परीक्षा घ्यायचे, घरातल्या नोकरा-मोलकरणींचीही, आणि कोणाला किती येतं हे वहीत टिपून ठेवायचे. शाळा फारशा नसतानाही तो देश वाचता झाला. लिहिता मात्र तितका झाला नाही, कारण मंडळीला लोकांनी वाचावं एवढंच हवं होतं! हे वाक्य भाषणात घातलंस तर लोक हसतील, आणि हसणाऱ्या सभेला पुढचं कडू औषध सोपं जातं.

विज्ञानात दादा गॅलिलिओ टाकतो, पप्पा मेंडेल टाकतात. १६३३ चा खटला खराच. म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यावर बसवून स्वतःचं मत नाकारायला लावलं आणि मरेपर्यंत घरात कोंडून ठेवलं. चूक झाली हे रोमने स्पष्टपणे कबूल केलं १९९२ मध्ये. आनुवंशिकतेचे नियम मठातल्या बागेत वाटाणे लावून शोधणारा मेंडेल हाही खराच. पण मला या विषयात सगळ्यात आवडतो तो बेल्जियमचा फादर ल्मेत्र. विश्व प्रसरण पावतंय हे त्याने १९२७ मध्ये गणिताने मांडलं, आणि पुढे एका आदिम अणूपासून सुरुवात झाल्याची कल्पनाही. पोप बारावे पायस १९५१ मध्ये भाषणात जवळजवळ म्हणाले की बघा, विज्ञानानेच उत्पत्तीची साक्ष दिली. कोणत्याही धर्मगुरूला हे ऐकून आनंद झाला असता. ल्मेत्र अस्वस्थ झाला. आपला सिद्धांत धर्माच्या बाजूने साक्षीला उभा करू नये असं त्याचं ठाम मत होतं, आणि ते त्याने पोपच्या कानावर जाईल अशी व्यवस्था केली. पप्पांना ही गोष्ट सांग. आपल्या श्रद्धेचा मोठेपणा सिद्ध करायला विज्ञानाची पावती लागत नाही, असं मानणारा माणूस पाद्री होता.

मानवी हक्क. इथे मात्र मी पप्पांचे कान धरणार आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सने माणसाचे हक्क जाहीर केले, तेव्हा पोप सहावे पायस यांनी १७९१ मध्ये त्यावर कडक टीका केली. १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी आधुनिक चुकांची यादी काढली, त्यात धर्मस्वातंत्र्याची कल्पनाही होती. कॅथलिक चर्चने धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे हे अधिकृतपणे मान्य केलं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, डिसेंबर १९६५ मध्ये. प्रॉटेस्टंटांनीही फार मिरवू नये. रॉजर विल्यम्स या पाळकाला विचारस्वातंत्र्याची बाजू घेतल्याबद्दल मॅसॅच्युसेट्समधून हाकलून दिलं ते स्वतःच छळाला कंटाळून इंग्लंडहून तिथे गेलेल्या प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांनी. त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं, जिथे कोणी कोणाची उपासना करावी यात सरकार पडणार नव्हतं. त्याच्याही आधी, १६१२ मध्ये, टॉमस हेल्विस या इंग्रज बाप्टिस्टाने राजाला उद्देशून लिहिलं होतं की माणसाचा देवाशी असलेला संबंध राजाच्या अखत्यारीत येत नाही, मग तो माणूस पाखंडी असो, तुर्क असो की यहुदी. राजाने त्याला तुरुंगात टाकलं, तो तिथेच मेला.

आणि १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा? त्याच्या मसुद्यात लेबनॉनचे ख्रिस्ती तत्त्वज्ञ चार्ल्स मलिक यांचा हात मोठा. पण त्यांच्या शेजारी चीनचे पी. सी. चँग बसले होते, आणि पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ असावेत म्हणून आग्रह धरणाऱ्या भारताच्या हंसा मेहता होत्या. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवलाय असं लिहावं, ही सूचना आली होती. ती घेतली नाही, कारण तो कागद सगळ्या जगाचा व्हायचा होता. माझ्या मते ते बरोबरच झालं. एखादी गोष्ट आपल्या घरातून बाहेर गेली, जगाची झाली, की तिच्यावर आपल्या नावाची पाटी ठोकत फिरायचं नसतं.

दादाच्या यादीतलं थोडं बघू. धर्मयुद्धांत १०९९ चं जेरुसलेम आहे तसं १२०४ चं कॉन्स्टँटिनोपलही आहे, जिथे ख्रिस्त्यांनीच ख्रिस्त्यांचं शहर लुटलं. त्यामुळे ‘ते दोन धर्मांतलं भांडण होतं’ अशी पळवाट पप्पांनी काढू नये. हिटलरच्या काळाबद्दल दादा बोलतो ते पुरेसं कडक नाही असंच मी म्हणेन. चर्चेस फक्त गप्प नव्हती, ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाची चळवळच नाझींच्या बाजूने उभी राहिली होती, आणि ल्यूथरचं १५४३ चं यहुदीद्वेष्टं लिखाण त्यांच्या कामी आलं. हो, शाळा काढा म्हणणारा तोच ल्यूथर. या चळवळीला विरोध करणाऱ्या जर्मन ख्रिस्त्यांनी १९३४ मध्ये बार्मेन शहरात जाहीरनामा काढला, पण त्यातही यहुद्यांच्या छळाबद्दल अवाक्षर नाही. नाझींना विरोध करणारा पाळक बोनहोफर याला एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिलं. त्याचं नाव आपण सगळे घेतो, पण त्या वेळी तो किती एकटा होता हे सोबत सांगत नाही. दक्षिण आफ्रिकेतही तेच. वर्णभेदाला पवित्र शास्त्रातून आधार शोधून देणारं डच रिफॉर्म्ड चर्च, आणि वर्णभेदाविरुद्ध उभे राहिलेले आर्चबिशप टूटू. दोघांच्या हातात पुस्तक तेच. १९८२ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघाने वर्णभेदाचं समर्थन हे पाखंड ठरवलं. घरच्यांनीच घरच्यांना सांगितलं.

दादाची शेवटची नोंद मात्र वेगळी धरायची. मुलांवरचे अत्याचार हा इतिहास नाही, चालू काळ आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये कॅथलिक पाद्र्यांनी केलेल्या अत्याचारांचं प्रकरण उघडकीला आलं, मग देशामागून देशात तेच दिसलं: तक्रार आली की पाद्र्याची बदली, आणि पीडित मुलाच्या घरच्यांना गप्प राहण्याची विनंती. याच्यापुढे दवाखाना ठेवायचा नाही, शाळा ठेवायची नाही, फॅबिओलाही ठेवायची नाही. ‘चांगलंही किती केलंय’ हे उत्तर त्या मुलांना देता येत नाही, तेव्हा ते सभेतही देऊ नकोस. हा मुद्दा घेतलास तर एवढंच विचार की आपल्या मंडळीत मुलांच्या सुरक्षेचे नियम लिहिलेले आहेत का, आणि तक्रार करायची तर कोणाकडे. कमिटीवरच्या पप्पांना हा प्रश्न भाषणाच्या आधीच घरी विचार. उत्तर तयार नसेल तर वर्धापनदिनापर्यंत तयार करायला त्यांना वेळ मिळेल.

आता तुझं मन. तू विचारलं नाहीस, नुसतं सांगितलंस, पण मला वाटतं पत्र त्याच ओळीसाठी लिहिलं होतंस.

मी धर्मगुरू नाही, तेव्हा श्रद्धा ठेव किंवा सोड हे सांगणं माझं काम नाही. एक निरीक्षण सांगते. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळालेला फ्रेडरिक डग्लस, ज्याला भक्तिमान मालकांनी चाबकाने फोडलं होतं, त्याने १८४५ च्या आपल्या आत्मचरित्राच्या शेवटी स्पष्ट लिहिलं की या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि दुसऱ्यावर प्रेम असल्यामुळेच पहिल्याचा आपल्याला तिटकारा आहे. त्याला राग येण्यासाठी श्रद्धा सोडावी लागली नाही. रागाचं कारणच ती होती. तू उपासनेत बसून अस्वस्थ होतेस ती कशाने? छातीवर डागलेल्या शब्दाने, दडपलेल्या तक्रारीने. ‘या अत्यंत लहानांतल्या एकाला जे केलं ते मला केलं’ हे वचन लहानपणापासून ऐकलं नसतंस तर कदाचित एवढं लागलंही नसतं. कदाचित म्हणते आहे. तो उमाळा जगातल्या इतर वाटांनीही येतो, हे मी वर सांगितलंच. पण तुला तो या वाटेने आला, आणि दादालाही. हे त्याला आवडणार नाही, पण लाल पेन चालवताना तो ज्या मापाने मोजत होता ते माप रविवारच्या शाळेतच हातात आलेलं असणार.

अस्वस्थता काही दिवसांत जाईल असं मी म्हणत नाही. कदाचित राहील. मन लागत नाही म्हणून लगेच काही ठरवू नकोस, एवढंच.

आणि टेबल. बाप-लेकांचं भांडण इतिहासावरून चाललंय असं मला वाटत नाही. पप्पांच्या दृष्टीने दादा चर्चला यायचा थांबला, हा त्यांनी आयुष्यभर ज्याच्यावर वेळ घातला त्याचा नकार आहे. ती यादी त्यांनी सभेसाठी केली असेल, पण वाचायला हवी होती ती दादाने. आणि दादाने ती वाचली, अगदी मागच्या बाजूपर्यंत! ज्याला खरंच देणंघेणं उरलेलं नसतं तो लाल पेन शोधायला उठत नाही. हे दोघांनाही तोंडावर सांगू नकोस, बिथरतील. तू निरोप्या व्हायचं मात्र आजपासून बंद कर. मीठ हवं असेल तर ज्याच्यासमोर आहे त्याच्याकडे मागावं.

भाषणाचं म्हणशील तर वीस मिनिटांत तीन गोष्टी पुष्कळ झाल्या. फॅबिओला, कॉड्रिंग्टन आणि शार्प ही माझी निवड. तुला ल्मेत्र आवडला तर कोणाला तरी गाळ. यादी वाचू नकोस, कोणाचीच. मसुदा झाला की दादाला दे आणि सांग, मतं नकोत, फक्त तथ्यात चूक असेल तर खूण कर. मग तोच कागद, दादाच्या खुणांसकट, पप्पांना वचनं तपासायला दे. शिक्षक माणूस आहे, लाल खुणा बघून गप्प बसणार नाही. ‘ही खूण का केली’ हे विचारायला त्यांना दादाकडेच जावं लागेल. तू तेव्हा स्वयंपाकघरात राहा.

कमिटीने मसुद्यातला कॉड्रिंग्टनचा भाग काढायला सांगितला, तर नम्रपणे १८०७ च्या त्या छाटलेल्या बायबलचा दाखला दे आणि विचार की नेमकं काय काय गाळायचं, तेवढं लिहून द्या.

— ताई